१२३४५६७८९८७६५४३२१ : खळ्यात मांडलेल्या ८१ सुपाऱ्या

पडवी

मंडळी, गेले चार दिवस एक संख्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. सहावीतली भाची पुण्याहून आली आहे. रविवारी दुपारी वीज गेली, फोनची रेंजही गेली, तेव्हा ती माझा हिशेबाचा कॅल्क्युलेटर घेऊन पडवीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, हे बघ. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. हे किती लांब जाईल?" सहा एकांपर्यंत कॅल्क्युलेटरने साथ दिली, १२३४५६५४३२१ आलं. सात एकांना त्याने एरर दाखवला, कारण उत्तर १३ आकडी आणि त्याला घरं १२.

मग आम्ही कोब्यावर खडूने गुणाकार मांडला. नऊ एक गुणिले नऊ एक. खाली नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करून तिने मोठ्याने वाचलं: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून चढत नऊपर्यंत, नऊपासून उतरत एकापर्यंत. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तेच.

तिने लगेच विचारलं, "पण असं का होतं?"

हाच प्रश्न मी सातवीत वर्गात विचारला होता. "परीक्षेला येत नाही, बस खाली," एवढंच उत्तर मिळालं. ते चाळीस वर्षं मनात राहिलंय. भाचीला तसं उत्तर द्यायचं नव्हतं.

खळ्यात असोल्या सुपाऱ्या वाळत घातलेल्या होत्या. त्यातल्या ८१ उचलल्या आणि नऊच्या नऊ ओळींचा चौकोन मांडला. वरच्या संख्येत नऊ एक, खालच्या संख्येत नऊ एक. वरचा कुठलाही एक आणि खालचा कुठलाही एक घ्या, त्यांचा गुणाकार म्हणजे एक सुपारी. कोपऱ्यातली सुपारी एकं गुणिले एकं, म्हणजे एकंच्या घरातली. तिच्या शेजारच्या दोन, एक आडवी आणि एक उभी, एकं गुणिले दहं, म्हणजे दहंच्या घरातल्या. त्यापुढे शतंच्या घरात तीन. म्हणजे चौकोन सरळ न बघता तिरका बघायचा. भाचीला कोपऱ्यात उकिडवी बसवलं आणि तिरक्या ओळी मोजायला सांगितल्या. एक, दोन, तीन, चार… मधली तिरकी ओळ सगळ्यात लांब, नऊ सुपाऱ्यांची. तिथून पुन्हा आठ, सात, सहा, समोरच्या कोपऱ्यात एक.

ती उठली आणि चौकोनाभोवती फेरी मारून दुसऱ्या कोपऱ्यातून बघून आली. "इथूनही तेच दिसतं!" हे बोलताना तिचा जो चेहरा झाला होता, तो आठवला की आजही बरं वाटतं.

या संख्येबद्दल तुम्हाला आणखी काय माहीत आहे? सगळं सांगा, तिला वाचून दाखवणार आहे.

सुरंगी

किती सुंदर! मी ती मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. आजच्या पद्धतीने: एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटी दोनदा आले आणि चढउताराची मजा सगळी गेली.

मग आजी म्हणायची ती अंकस्थानं आठवली. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत १८ स्थानांची नावं दिली आहेत, एकपासून परार्धापर्यंत. प्रत्येक घराला स्वतःचं नाव. आपली संख्या १७ घरांची, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली. त्या नावांनी वाचली की अशी होते:

१ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक.

आता म्हणून बघा. जिना चढून उतरल्यासारखं वाटतं. आणि भाचीला हेही सांगा, की तिच्या संख्येत तीन जलधी आहेत. जलधी म्हणजे समुद्र. एकावर चौदा शून्यं एवढ्या मोठ्या स्थानाला ज्यांनी समुद्राचं नाव दिलं, त्यांनी किनाऱ्यावर उभं राहून नीट बघितलं असणार असं मला नेहमी वाटतं.

डोंबिवली लोकल

पडवी, तुमच्या संख्येला नाव आहे आणि ते आपल्याच माणसाने दिलंय. १, १२१, १२३२१ पासून तुमच्या १७ आकडी संख्येपर्यंतच्या नऊ संख्यांना 'वंडरफुल डेमलो' म्हणतात. नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं. मुंबईपासून ३० मैलांवर, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आमचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना. मी रोज त्याच फलाटावर उभा असतो.

कापरेकर कोकणचे. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. कुठल्याही विद्यापीठात पद नाही, संशोधनाची पदवी नाही. पुष्कळ वर्षं त्यांच्या कामाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं.

आणि हे खास तुमच्यासाठी: १९२७ साली कापरेकरांना कॉलेजात असताना गणिताचं जे पारितोषिक मिळालं, ते रँग्लर परांजप्यांच्या नावाचं. र. पु. परांजपे तुमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. मुर्डीच्या मुलाच्या नावाचं बक्षीस डहाणूच्या मुलाला! भाचीला मुर्डीला घेऊन जाच.

खाजण

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की दहा एक घेतले तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ येतं, अकरा घेतले तर मधे ११, आणि हे असंच अनंतापर्यंत चालतं. खाली लिहिलं होतं की ही दैवी संख्या आहे, पुढे पाठवा. खरं आहे का?

पडवी

खाजण, तो मेसेज चुकीचा आहे. आणि चूक कुठे होते ते सुपाऱ्यांतच दिसतं.

दहा ओळी दहाच्या मांडल्या, १०० सुपाऱ्या. मधल्या तिरक्या ओळीत दहा आल्या. पण एका घरात दहा मावत नाहीत. दहा उचलायच्या आणि डावीकडच्या घरात एक ठेवायची, तो हातचा. डावीकडच्या घरात आधीच नऊ होत्या, त्यांच्या दहा झाल्या, म्हणून पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या घरात आठ होत्या, त्यांच्या नऊ झाल्या आणि तिथे थांबलं. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावी बाजू मोडली, उजवी तशीच राहिली.

भाचीने एक गोष्ट स्वतः शोधली. नऊ एकांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, कारण सुपाऱ्या ८१ आणि एकही जागची हलली नाही. दहा एकांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करा: ८२ येते. सुपाऱ्या तर १०० होत्या. १८ कुठे गेल्या? प्रत्येक हातच्याला दहा उचलून एकच ठेवतो, म्हणजे नऊ कमी. हातचे दोन, म्हणून १८. तिने हे सांगितलं तेव्हा मला स्वतःला पुन्हा मोजून बघावं लागलं.

आणि नऊला हे थांबतं त्याचं कारण आपण दहावर मोजतो एवढंच. आपण आंबे डझनावर मोजतो. तशी सगळी मोजणीच बारावर असती, तर हातचा बारा झाल्यावरच आला असता आणि हा जिना अकरा पायऱ्या चढला असता.

निवृत्त मास्तर

पडवी, तुमच्या त्या शिक्षकांचं वाक्य वाचून वाईट वाटलं. मी ३१ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गणित शिकवलं. उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगतो" म्हणायला काहीच लागत नाही.

भाचीसाठी थोडं लिहितो.

आधी ताळे. नवाचा ताळा: अंकांची बेरीज ८१, आठ आणि एक नऊ, म्हणजे नवाने निःशेष भाग जातो. अकराचा ताळा: एक सोडून एक अंक मिळवा. १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ यांची बेरीज ४१. उरलेल्या २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ यांची ४०. फरक १, म्हणून अकराने भागल्यावर बाकी १. सातानेही बाकी १ च उरते. म्हणजे आज सोमवार असेल आणि एवढे दिवस गेले, तर मंगळवार येईल.

आता अवयव. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या हिचा वर्ग, म्हणून प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, कारण विभाजक जोडीने येतात आणि वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते.

यातल्या ३७ आणि ३३३६६७ या दोन मूळ संख्यांकडे मुलीचं लक्ष वेधा. १ ला ३७ ने भागलं की ०.०२७०२७०२७… येतं, तीन अंक फिरून फिरून. बरोबर तीन अंकांचं चक्र असलेली ३७ ही एकमेव मूळ संख्या. १ ला ३३३६६७ ने भागलं की ०००००२९९७ हे नऊ अंकांचं चक्र येतं, आणि नऊ अंकांचं चक्र असलेली ती एकमेव. अनंत मूळ संख्या आहेत, त्यात अशी एकेकटी राहणारी फार थोडी. त्यातल्या दोन तुमच्या खळ्यात उतरल्या.

विषम संख्यांची बेरीजही करून दाखवा. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, दर वेळी वर्ग. त्या हिशेबाने आपली संख्या म्हणजे पहिल्या १११११११११ विषम संख्यांची बेरीज. एक सुपारी ठेवा, तिच्याभोवती काटकोनात तीन, मग पाच, मग सात. चौकोन वाढत जाताना दिसेल.

वेतोबाची वाट

वाचून बरां वाटलां. माका गणित कधी जमलां नाय, पण तुमची मांडणी आताच काजूच्या बियांनी करून बघलंय. पाच ओळी पाचाच्यो. तिरक्यो मोजल्यो तर १२३४५४३२१. चेडू बाजूक बसलेला, ता म्हणता, "आये, आता साताच्यो मांड." रात्रीचे अकरा वाजले हत आणि आम्ही दोघां बियो मोजतव.

भरतीओहोटी

मला एवढी मोठी संख्या मनात धरता येत नाही, म्हणून तिचे सेकंद केले. दर सेकंदाला एक असं मोजत बसलं, झोप नाही, जेवण नाही, तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आज संपवायचं असेल, तर तो कातळ तयार होण्याच्याही कितीतरी आधी, सध्याच्या त्याच्या वयाच्या जवळजवळ सहापट मागे जाऊन मोजायला सुरुवात करावी लागली असती. तेव्हा हा किनाराच नव्हता.

आणि तीच संख्या भाचीने एका दुपारी खडूने कोब्यावर लिहिली. हे मला फार भारी वाटतं.

एक शंका. लहानपणी आम्ही १२३४५६७९ ला ९ ने गुणायचो आणि सगळे एक यायचे. त्यात ८ नसतो. त्याचा हिच्याशी संबंध आहे का?

निवृत्त मास्तर

आहे, आणि तोच खरा गाभा आहे. मी मुद्दाम मागे ठेवला होता, कुणी विचारतंय का बघत होतो.

१२३४५६७९ × ९ = १११११११११. म्हणून आपली संख्या, जी १११११११११ × १११११११११ आहे, ती १२३४५६७९ × ९ × १११११११११ अशीही लिहिता येते. आणि ९ × १११११११११ म्हणजे ९९९९९९९९९. तेव्हा आपली संख्या = १२३४५६७९ × ९९९९९९९९९.

आता ९९९९९९९९९ ने गुणणं किती सोपं! एकावर नऊ शून्यांनी गुणा आणि एकदा वजा करा. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा. पाटीवर मांडा. उजवीकडच्या नऊ शून्यांना उसनं घ्यावं लागतं, म्हणून डावीकडच्या १२३४५६७९ चा १२३४५६७८ होतो. उजवीकडे एक अब्जातून १२३४५६७९ गेले की उरतात ९८७६५४३२१. दोन तुकडे जोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. चढण डाव्या तुकड्यात, नऊ आणि सगळी उतरण उजव्यात. एकाच वजाबाकीतून.

आठाबद्दल. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हे प्रत्यक्षात १, २, ३, ४ असे आकडे एकेका घरात ठेवत जाण्यासारखं आहे. दहा ठेवायची वेळ आली की त्याचा एक नवाच्या घरात जातो, नवाचे दहा होतात, त्याचा एक आठाच्या घरात जातो आणि आठाचे नऊ होतात. म्हणजे आठ हरवलेला नाही, त्याला हातचा मिळाला आहे. पडवींच्या दहा एकांच्या उत्तरात ७ नंतर ९ आणि मग शून्य आलं, ते याच दोन हातच्यांमुळे.

डोंबिवली लोकल

मास्तर, हे वाचून लोकलमध्ये उभ्या उभ्या वही काढली. तुमचे दोन तुकडे मिळवले तर? १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९!

हे तर थेट कापरेकरांच्या दारात आलं. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. आता ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. तुकडे मिळवा, ९९९९९९९९९ परत. हा वर्ग म्हणजे आपल्या संख्येची ८१ पट. पुन्हा ८१!

भाचीला ६१७४ चा खेळही द्या. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही. मी कापरेकरांचं जन्मवर्ष घेतलं, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सात पायऱ्या, बरोबर जास्तीत जास्त. ठाणे आलं ते कळलंच नाही.

खाजण

मी तो मेसेज ज्या ग्रुपवर आला होता तिथे सुपाऱ्यांची मांडणी लिहून टाकली. दोघांनी विचारलं की दहा एकांचं खरं उत्तर काय. पाठवलं.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुर्डीला जाऊन आलो. येताना भाची स्कूटरवर मागे बसून अंकस्थानं म्हणत होती, जलधीला जरा जास्तच जोर देऊन.

घरी आल्यावर तिने विचारलं, "एकांऐवजी दोन घेतले तर?" २२२२२२२२२ चा वर्ग. तिने कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. म्हणाली, दोन्हीकडे दुप्पट, म्हणजे आपली संख्या चौपट. वहीत केलं: ४९३८२७१५९५०६१७२८४. जिना कुठेच दिसेना, हिरमुसली. मी म्हटलं, मास्तरांसारखे तुकडे करून बघ. उजवीकडून नऊ अंक मोजले आणि रेघ मारली. ४९३८२७१५ आणि ९५०६१७२८४.

बेरीज ९९९९९९९९९.

आणि तिला आणखी एक दिसलं. डावीकडे एक शून्य लावून तुकडे एकाखाली एक लिहिले, ०४९३८२७१५ आणि ९५०६१७२८४, तर प्रत्येक उभ्या जोडीत नऊ होतात. शून्य नऊ, चार पाच, नऊ शून्य, तीन सहा… हातचा एकदाही येत नाही. तिनांचंही केलं: ११११११११०८८८८८८८८९. तेही तसंच.

चारांचं करता करता झोप लागली. वही उशाशी आहे.

सुरंगी

चारांचं मी केलं, पण तिला आधी सांगू नका, तिचं तिला करू द्या. सकाळी पडताळून बघायला फक्त तुमच्यासाठी: १९७५३०८६३८०२४६९१३६. तुकडे १९७५३०८६३ आणि ८०२४६९१३६. एकाखाली एक लिहून ठेवलेत.